कोरडी घळ उतरायची कशी: सातारा-सांगलीकरांसाठी टप्प्याटप्प्याने

दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्ये दोन माणसं जेमतेम शेजारी उभी राहतील एवढी जागा आणि पायाखाली ओढ्याचं कोरडं पात्र. सह्याद्रीच्या धारेवरून उतरणाऱ्या ओढ्यांत अशा घळी आहेत. पूर्वेकडे माण-खटावच्या डोंगरांतही आहेत, पण तिथल्या उथळ. हिवाळा लागला की गट निघतात आणि दरवर्षी त्याच चुका होतात. मूळ चूक एकच: घळीला गडाच्या वाटेसारखं धरलं जातं. गडावर चुकलात तर मागे फिरता येतं. घळीत दहा फुटांचा टप्पा उडी मारून उतरलात की मागची वाट बंद झाली. बाजूला सरकायला जागा नसते, फोन लागत नाही, आभाळाची फक्त एक चिरी दिसते. म्हणून इथले महत्त्वाचे निर्णय घरी, गावात आणि कड्यावर घ्यायचे असतात. आत गेल्यावर ते फक्त पाळायचे.

हा लेख ३० फुटांपर्यंतचे टप्पे असलेल्या घळींसाठी आहे. त्याहून मोठे टप्पे असतील तर दोराचं रीतसर प्रशिक्षण घेतलेली माणसं बरोबर हवीत. वाचून ते काम जमत नाही.

१. नकाशावर पाणलोट मोजा

घळीत पाणी कुठून येणार हे आधी कळलं पाहिजे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. आपला ओढा शोधा आणि घळीच्या तोंडापासून वर जात पाणी ज्या-ज्या उतारावरून ओढ्याला मिळतं ती सगळी कड पेन्सिलीने जोडा. तीच रेघ गूगल अर्थवर मोजपट्टीने आखली की क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये मिळतं.

आता हिशेब करा. पाणलोट १ चौरस किलोमीटर आणि पाऊस २० मिलिमीटर, म्हणजे वळवाची एक जोरदार सर. एकूण पाणी २ कोटी लिटर. त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं असं धरलं तरी १ कोटी लिटर खाली येतं, म्हणजे १०,००० लिटरचे १,००० टँकर. हे पाणी तासाभरात २ मीटर रुंदीच्या घळीतून गेलं तर मांडीपर्यंत वेगाची धार लागते. वेग असेल तर गुडघाभर पाण्यातही माणूस उभा राहू शकत नाही. पाणलोट ३ चौरस किलोमीटर असेल तर तीच सर छातीच्या वर जाते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे सडा. घळीच्या वर उघड्या कातळाचं पठार असेल तर निम्मं पाणी मुरतं हे गृहीतक सोडून द्या. तिथे जवळजवळ सगळं पाणी वाहतं आणि तेही मिनिटांत. उलट वर दाट रान असेल तर लोंढा थोडा उशिरा येतो, पण येतो.

घळीवर पाऊस पडलाच पाहिजे असं नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेत ॲरिझोनातल्या लोअर अँटेलोप कॅन्यनमध्ये ११ जण वाहून गेले. पाऊस घळीवर नव्हता, कित्येक किलोमीटर वरच्या अंगाला कोसळला होता. तिथला वालुकाश्म वेगळा, आपला काळा पाषाण वेगळा. पाण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच.

सावधान: या नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. म्हणजे १५ मीटरचा सरळ तुटलेला कडा नकाशावर दिसणारच नाही. ‘नकाशात काही नव्हतं’ हा युक्तिवाद कड्याच्या टोकावर उभं राहून करण्यात अर्थ नाही.

२. महिना, दिवस आणि वेळ

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ बरा. जून ते सप्टेंबर प्रश्नच नाही. ऑक्टोबरही नको. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात परतीचाच पाऊस जोराचा असतो आणि पश्चिमेकडे डोह तुडुंब भरलेले असतात. मार्चमध्ये जायचं तर पहाटे सुरू करून ११ पर्यंत बाहेर. एप्रिल-मे बहुतेकांना सुरक्षित वाटतात, कारण ओढे ठणठणीत कोरडे असतात. आमच्या मते घळीसाठी हेच सगळ्यात फसवे महिने. सकाळी ऊन कडक, दुपारी ढग उभे राहतात आणि ३-४ वाजता वळीव. जमीन तापून कडक झालेली असते, पाणी मुरत नाही.

आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघा. पिवळा असला तरी घळ रद्द. गड करा, पठार करा, घळ पुढच्या रविवारी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेची सूचना देतं. ते फोनमध्ये घ्या, पण त्याचा उपयोग नेटवर्क असलेल्या कड्यावर, आत नाही. आणि जिल्हा बघताना वरचा जिल्हाही बघा. घळ सांगलीत आणि ढग साताऱ्यात असं सहज होतं.

पूर्व भागातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा योजनांचं आवर्तन सुटलं की कालव्याचं पाणी अनेक ठिकाणी ओढ्या-नाल्यांत सोडून पुढचे तलाव भरून घेतात. पाऊस नाही, ढग नाही, तरी कोरडा नाला वाहू लागतो. गावात विचारा: ‘आवर्तन कधी सुटणार? या ओढ्याला पाणी सोडतात का?’

वेळेचा अंदाज लोक हमखास कमी धरतात. घळीत तासाला एक किलोमीटर चाललात तरी चांगलं चाललात. दोराचा प्रत्येक टप्पा वेगळा मोजा. ८ जणांचा गट आणि माणशी ५ मिनिटं म्हटलं तरी ४० मिनिटं, शिवाय दोर लावायची १५. असे तीन टप्पे असतील तर पावणेतीन तास त्यातच गेले. डिसेंबरात सूर्य साधारण ६ वाजता मावळतो, पण घळीत तासभर आधीच अंधारून येतं.

३. गावात विचारा, परवानगी घ्या

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो. त्या हद्दीतला ओढा असेल तर वनक्षेत्रपालांच्या कार्यालयाकडून परवानगी मिळाल्याशिवाय पाऊल टाकू नका. हद्दीबाहेरही राखीव वन असू शकतं. गाडी काढायच्या आठवडाभर आधी चौकशी करा. कमानीजवळ उभं राहून वनरक्षकाशी हुज्जत घालून काही साधत नाही.

मग घळीच्या वरच्या गावात किंवा धनगरवाड्यावर जा. गुरं चारणाऱ्या माणसाला विचारायचं. शाळेतल्या पोरांना विचारलंत तर ती उत्साहाने ‘हो, जाता येतंय की’ म्हणतील, आणि ती माकडासारखी चढतात. प्रश्न नेमके हवेत:

‘मामा, पावसात पाणी कातळाला कुठवर चढतं?’
‘खाली वाट कुठल्या वाडीला निघते? तुम्ही स्वतः उतरलाय का?’
‘मध्ये बाहेर निघायला कुठं जागा हाय का?’
‘यंदा दरड आलीया का आत?’
‘कड्याला मोहळं हायत का?’

‘तुम्ही स्वतः उतरलाय का’ हा प्रश्न विसरू नका. घळीतून वाट आहे असं सांगणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या मनात घळीच्या काठाने जाणारी वाट असते. गावातला जाणता माणूस बरोबर घेतलात तर त्याची मजुरी आधी ठरवा आणि त्यालाही हेल्मेट द्या.

निघण्याआधी घरच्या एका माणसाकडे कागद ठेवा. त्यावर गटातली नावं, गाडीचा नंबर, घळीचं वरचं आणि खालचं गाव, बाहेर पडायची वेळ आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळव’ ही ओळ. बाहेर पडायची वेळ ३ असेल तर फोनची वेळ ६ द्या. २६ एप्रिल २००३ रोजी युटामधल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये ॲरन राल्स्टनचा हात निसटलेल्या धोंड्याखाली अडकला आणि तो पाच दिवस तिथेच राहिला. कुठे चाललोय हे त्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

४. माणसं आणि सामान

चारपेक्षा कमी नको: एक जखमी, एक त्याच्याजवळ, दोघं मदतीला. दहापेक्षा जास्तही नको, कारण प्रत्येक टप्प्यावर रांग लागते आणि मागच्यांनी ढकललेले दगड पुढच्यांच्या डोक्यावर जातात. समाजमाध्यमांवर नोंदणी घेऊन चाळीस जणांना घळीत नेण्याचा प्रकार सरळ टाळा.

प्रत्येकाकडे: गिर्यारोहणाचं हेल्मेट. मोटरसायकलचं चालत नाही, त्यातून वरचं दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. ओल्या कातळावर पकड घेणारे रबरी तळाचे बूट, झिजलेले नाहीत. ३ लिटर पाणी, मार्चमध्ये ४. डोक्याला बांधायची विजेरी आणि जादा सेल. शिट्टी, पाठपिशवीला नव्हे तर गळ्यात. पूर्ण बाह्यांचा शर्ट. कोरडे कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून दुमडून बांधलेले.

गटाकडे: ९ ते १०.५ मिलिमीटर जाडीचा स्टॅटिक, म्हणजे भार आल्यावर फारसा न ताणणारा दोर. लांबीचा हिशेब असा: ३० फुटांचा, म्हणजे साधारण ९ मीटरचा टप्पा दुहेरी दोराने उतरून दोर खाली ओढून घ्यायचा तर १८ मीटर झाले, झाडाभोवतीचा वेढा आणि खालची जादा टोकं धरून २५ मीटर हवेत. ३० मीटरचा दोर घ्या. रॅपलिंग, म्हणजे दोरावरून सरकत उतरणं, करायचं तर प्रत्येकाला हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), डिसेंडर (दोरावरचा वेग आवरणारं साधन) आणि स्क्रू असलेला कॅरॅबिनर (जोडायची धातूची कडी). १२० सेंटिमीटरच्या चार टेप स्लिंग (मजबूत पट्टीचे शिवलेले वेढे), एक चाकू. प्रथमोपचारात क्रेप बँडेज चार, मीठ-साखरेची पाकिटं, रुंद चिकटपट्टी, आणि हाड मोडल्यास फळीऐवजी बांधायला जुन्या वर्तमानपत्रांची गुंडाळी.

सावधान: बाजारात किलोवर मिळणारा निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर, बोअरची मोटर सोडायचा दोर किंवा बैलगाडीचा सोल माणसाच्या वजनाला लावू नका. उन्हाने त्याचे धागे बाहेरून न दिसता मरतात, डिसेंडरमध्ये घर्षणाने तो वितळतो आणि कातळाच्या धारेवर पटकन कापला जातो. ‘आमच्या विहिरीवर दहा वर्षं चाललाय’ हे त्याच्या विरोधातलं कारण आहे.

५. आधी कडेवरून बघा

हा टप्पा बहुतेक गट गाळतात, कारण त्यात दीड-दोन तास जातात. आदल्या दिवशी संध्याकाळी पोहोचलात तर तेव्हाच करा. घळीच्या एका काठाने वरून चालत जा, कडेपासून दोन मीटर आत राहून, आणि चार गोष्टी टिपा.

बाहेर पडायच्या जागा: भिंत जिथे ढासळून उतार झालाय, झाडीची नाळ वर येते, बाजूचा ओहोळ मिळतो. अशा जागांचा फोटो काढा, नकाशावर खूण करा, दोन जागांमधलं अंतर लिहा. सलग अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांबीत एकही सुटका नसेल तर तो भाग चालायचा की नाही याचा वेगळा विचार करा.

पुराची खूण: फांद्यांत अडकलेला गवताचा भारा, चिंध्या, प्लास्टिक. घळीच्या तळापासून ते किती उंच आहे? ही रेघ मनात ठेवा, नंतर उपयोगी पडेल.

ताजी दरड: नवीन तुटलेला कातळ आजूबाजूच्या काळ्यापेक्षा फिकट दिसतो, खाली पडलेल्या धोंड्यांच्या कडा धारदार असतात आणि त्यांच्यावर शेवाळाचा मागमूस नसतो.

मोहोळ: आग्या मोहोळ कड्याच्या पुढे आलेल्या कपारीखाली लोंबतं. दुर्बिणीतून बघा. घळीच्या वाटेवर बरोबर डोक्यावर मोहोळ असेल तर ती घळ त्या दिवशी बाद. उघड्यावर पळता येतं, घळीत नाही. ड्रोन उडवू नका, अत्तर लावू नका, शेकोटी करू नका आणि आरोळ्या तर मुळीच नकोत.

६. तोंडाशी शेवटची तपासणी

इथे बूट बांधताना प्रत्येकाने पुढच्या प्रश्नांची उत्तरं मोठ्याने द्यायची. वरच्या अंगाला ढग उभे राहतायत का? पात्रात काल नसलेली ओल आहे का? खालचा बाहेर निघायचा मार्ग कुणी खात्रीने पाहिला आहे का? दोर, हेल्मेट, विजेरी मोजून झाल्या का? आत्ता किती वाजले आणि परतीची वेळ किती?

एकाही उत्तरात ‘बहुतेक’ आलं तर आत शिरायचं नाही. गटातल्या एकालाही नको वाटत असेल तर त्याला टोमणे मारून आत ओढू नका. घाबरलेला माणूस तिसऱ्या टप्प्यावर गोठतो आणि मग सगळा गट तिथे अडकतो.

७. आतली चाल

पुढे अनुभवी, सगळ्यात मागे दुसरा अनुभवी, नवखे मध्ये. मागच्याने पुढच्याला दिसत राहायचं, पण चिकटायचं नाही. घसारा असेल तिथे एका वेळी एकच माणूस, बाकीचे भिंतीच्या आडोशाला. दगड सुटला की ‘दगड!’ असं ओरडायचं आणि ऐकणाऱ्याने वर बघायचं नाही. हेल्मेट पुढे करून भिंतीला चिकटायचं. वर बघणं ही सहज होणारी क्रिया आहे, म्हणून आधी दोनदा सराव करून घ्या.

धोंडे. पात्रातले गोटे गुळगुळीत असतात आणि दरवर्षी जागा बदलतात. मोठा दिसतो म्हणून घट्ट असतोच असं नाही. पूर्ण भार देण्याआधी पायाने दाबून बघा. दोन भिंतींच्या मध्ये अडकलेल्या धोंड्याला लोंबकळून उतरू नका, त्याला दोरही बांधू नका. तो ओझं पेलण्यासाठी तिथे बसलेला नाही, पाण्याने आणून टाकलाय. बाजूने किंवा खालून जा, आणि खालून जाताना थांबू नका.

पकड. आपला कातळ थरांचा आहे. दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा दिसतो. त्यातली खोबण हाताला छान वाटते आणि भार दिला की हातात येते. पकड नेहमी काळ्या, टणक थरावर घ्या. ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर सोडा. हात घालण्याआधी कपारीत काठी फिरवा. फुरसं आणि घोणस दोन्ही अशाच जागी बसतात.

अरुंद जागा. भिंती हातभर अंतरावर आल्या की पाठ एका भिंतीला आणि दोन्ही पाय समोरच्या भिंतीला रोवून सरकता येतं. पाठपिशवी आधी उतरवा, पुढच्याकडे द्या. पिशवीसकट शिरणारा माणूस मध्येच अडकतो. चुकूनही पाऊल तिरकं करून चिरेत कोंबू नका. घोटा पिळला की बाहेर निघत नाही.

उतरायचे टप्पे. इथे एकच कडक नियम: जे परत चढता येणार नाही ते उतरायचं नाही, जोवर खालचा मार्ग पाहिलेला नाही. पहिला माणूस बिले घेऊन, म्हणजे वरच्याने धरलेल्या सुरक्षेच्या दोरावर, उतरतो, पुढचा टप्पाही बघून येतो आणि मगच बाकीचे. तोवर दोर वर तसाच लावलेला. सगळे खाली आले म्हणून घाईने दोर ओढून घेतला आणि पुढे ४० फुटांचा कडा निघाला, हा अगदी नेहमीचा अपघात आहे.

उडी मारू नका. सहा फुटांवरून गोट्यांत मारलेल्या उडीने घोटा जातो आणि घोटा गेलेल्या माणसाला घळीतून उचलून नेणं सहा जणांना पेलत नाही. तोंड भिंतीकडे करून, तीन ठिकाणी आधार ठेवून उतरा.

दोर लावायचा तर जिवंत, मातीत रुजलेलं, मांडीएवढ्या जाडीचं झाड बघा. दोर बुंध्याशी जमिनीलगत वेढा, वर फांदीला नको. झाड नसेल तर हलणार नाही याची खात्री असलेला मोठा खडक, आणि तोही दुसऱ्या अँकरच्या, म्हणजे दोर बांधायच्या आधाराच्या, जोडीला. कुणीतरी सोडून गेलेली फिकट पडलेली स्लिंग किंवा गंजलेला बोल्ट यांवर जीव टांगू नका. दोराच्या दोन्ही टोकांना आठाची गाठ मारा, म्हणजे दोर कमी पडला तरी माणूस टोकावरून निसटत नाही. दोर ओढून घेताना ती गाठ सोडायला विसरू नका, नाहीतर दोर वर अडकेल. जिथे दोर धारेवर घासतो तिथे रिकामं पोतं किंवा जाड कापड ठेवा.

तपासा: प्रत्येक उतरणाऱ्याचा हार्नेसचा पट्टा, कॅरॅबिनरचा स्क्रू, डिसेंडरमधला दोर, बाहेर आलेले केस आणि ओढणी. हे दुसऱ्या माणसाने हात लावून बघायचं.

डोह. गढूळ किंवा हिरव्या पाण्यात तळ दिसत नाही. काठीने खोली मोजत जा. काठी बुडाली तर पहिला माणूस दोराला बांधून जाईल. त्याहून धोक्याचा म्हणजे रांजणखळगा. पाण्याने गोल कोरलेला, भिंती गुळगुळीत, आतलं पाणी कडेपेक्षा चार-पाच फूट खाली. आत उतरणं सोपं, बाहेर निघायला पकडच नाही. अशात दोन जण एकदम कधीही उतरवू नका. कडेने सरकून ओलांडता येत असेल तर तसं करा, नाहीतर एकाला दोरावर सोडा, तो पलीकडे खांद्यावर उभा राहून किंवा दोर पलीकडे टाकून निघतो का ते बघा, आणि निघत नसेल तर तिथूनच परत.

डिसेंबर-जानेवारीत डोहाचं पाणी बर्फासारखं गार असतं आणि घळीत ऊन दिवसाकाठी तासभरच येतं. भिजलेला माणूस थरथरू लागला, बोलताना अडखळू लागला की लगेच थांबा. ओले कपडे काढा, कोरडे घाला, गोड काहीतरी खायला द्या.

पश्चिमेकडच्या रानात जानेवारी ते मार्च खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात. वेल घळीच्या तोंडावर लोंबतो आणि वारा आला की कूस उडते. अंगाला लागली तर खाजवू नका, चोळू नका. चिकटपट्टी दाबून उपटा, सगळी निघाल्यावर धुवा.

८. परतीची वेळ

परतीची वेळ म्हणजे ज्या वेळी तुम्ही कुठेही असाल तिथे थांबून पुढचं ठरवायचं ती वेळ. ती साधारण एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्शावर ठेवा. ७ ला आत शिरलात, ३ ला बाहेर पडायचंय, तर पावणेदहाला थांबा. नकाशावर बघा. निम्म्याच्या आसपासही पोहोचला नसाल तर जवळच्या बाहेर पडायच्या जागेने वर निघा. याच्यासाठीच कडेवरून त्या जागा टिपल्या होत्या.

९. पाणी आलंच तर

खुणा बहुधा या क्रमाने कळतात: वरून गार वाऱ्याचा झोत, ओल्या मातीचा वास, लांबून घरघर, पात्रातल्या बारक्या धारेचा रंग बदलणं, मग काटक्या आणि फेस. शेवटच्या दोन दिसल्या की हातात फार तर एक-दोन मिनिटं असतात.

पिशव्या टाका, दोर टाका, जिथे चढता येईल तिथे चढा. पुराच्या खुणेची रेघ आठवा आणि तिच्यावर जा. खालच्या दिशेने पळू नका, पाणी तुमच्यापेक्षा वेगाने येतं. बाहेर पडायची माहीत असलेली जागा दहा-वीस पावलांवर असेल तरच धावा. उंच काही नसेल तर वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या खडकाच्या खालच्या अंगाला भिंतीशी उभे राहा. दोराने स्वतःला खडकाला बांधून घेऊ नका. पाणी डोक्यावर गेलं तर तोच दोर बुडवतो.

पाणी ओसरतंय असं वाटलं म्हणून लगेच उतरू नका. वेगवेगळ्या ओहोळांचे लोंढे मागेपुढे येतात. पाणी निवळ होऊन पात्रातले दगड उघडे दिसेपर्यंत जागा सोडू नका. रात्र झाली तर सकाळपर्यंत तिथेच.

१०. माणूस जखमी झाला, चावलं, डसलं

साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही नाही. चावलेला अवयव हलणार नाही असा बांधा, अंगठी-कडं काढा, माणसाला कमीत कमी चालवा आणि प्रतिसर्पविष असलेल्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. साप मारून दाखवायला नेण्यात वेळ घालवू नका.

मोहोळ उठलं तर तोंड, मान, डोळे झाका आणि थांबू नका, मधमाश्या उठलेल्या जागेपासून लांब चालत राहा. दोरावर असलेल्याला लवकरात लवकर खाली सोडा. काटे नखाने खरवडून ताबडतोब काढा. ओठ सुजले, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या तर तो रुग्णालयाचा मामला आहे, ‘उतरेल’ म्हणत बसू नका.

पाठीला किंवा मानेला मार असेल तर हलवू नका. दोघांना नेटवर्कच्या जागी पाठवा, एकट्याला नाही. नेटवर्कची जागा कोणती हे कडेवरून चालताना पाहून ठेवलेलं असावं. ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. सांगताना आधी गाव, तालुका, मग ओढ्याचं नाव, मग किती जण, काय झालंय आणि शेवटी नकाशावरचे अक्षांश-रेखांश. आत राहिलेल्यांनी दर काही मिनिटांनी शिट्टीचे तीन आवाज द्यायचे.

११. बाहेर पडल्यावर

खालच्या वाडीत पोहोचताच घरी ठेवलेल्या माणसाला फोन करा. चहा त्यानंतर. हा फोन विसरल्याने गावकरी आणि पोलीस रात्रभर रिकाम्या घळीत शोधत राहतात. वाडीत फोन लागत नसेल तर एकाने लागेल तिथपर्यंत जायचं, आणि हे आधीच ठरवलेलं असावं. वर गाडी ठेवली असेल तर ती आणायला जाणारा माणूस अंधारात घळीने वर चढणार नाही, रस्त्याने जाईल.

पश्चिमेकडून आलात तर कपडे झटका, गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड बघा. दोर गार, साध्या पाण्यात धुवा आणि सावलीत पसरून वाळवा. वाळल्यावर सगळी लांबी बोटांतून सरकवत जा. कुठे मऊ लागला, फुगला किंवा आतला पांढरा गाभा दिसला तर तिथेच कापा आणि उरलेली लांबी मोजून दोराच्या टोकाला लिहून ठेवा.